हिवाळ्याआधीचं तेल

डेट्रॉइट शहराखाली मीठ आहे. सुमारे १,२०० फूट खाली, कोट्यवधी वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्राचं. १८९५ साली ते सापडलं, १९०६ साली तिथवर उतरणारी विहीर खणायला घेतली आणि १९१० साली ती पुरी झाली. आज ही खाण डिअरबॉर्न, मेल्विनडेल, ॲलन पार्क या उपनगरांखाली सुमारे १,५०० एकरांत पसरली आहे. आतल्या रस्त्यांचीच लांबी शंभर मैलांहून जास्त भरते. सुरुवातीला हे मीठ कातडी कमावणारे आणि खाद्यपदार्थ टिकवणारे घेत असत. ते रस्त्यावर ओतायचं, हे तेव्हा कुणाच्या मनातही नव्हतं. त्याच डिअरबॉर्नमध्ये, जमिनीच्या वर, फोर्डचा रूज कारखाना आहे आणि तिथे एफ-१५० हा पिकअप ट्रक तयार होतो. ट्रक आणि त्याला खाणारं मीठ, दोन्ही एकाच गावचे.

माझी सगळी नोकरी याच भागात, गाड्यांच्या पोलादी भागांवर संरक्षक लेप चढवण्याच्या कामात गेली. आता निवृत्त झालोय आणि दारात एक जुना पिकअप आहे. पाहुणे त्याच्या रंगाचं कौतुक करतात. मला विचाराल तर जुन्या पिकअपचा रंग बघायचाच नसतो. जमिनीवर पुठ्ठा टाकायचा, उताणं पडायचं, हातात बॅटरी घ्यायची आणि चासी बघायची. गाडीच्या पत्र्याला वाचवलं कारखान्यांनी आणि रसायनशास्त्रज्ञांनी, पण चासीला वाचवलं ते मिशिगन, व्हरमाँट, ओंटारिओ, क्विबेकच्या शेतकऱ्यांनी आणि गल्लीतल्या मेकॅनिकांनी. दरवर्षी पानगळीत खालून तेल मारायचा त्यांचा रिवाज आहे. त्याचा इतिहास कुणी फारसा लिहीत नाही, म्हणून मी लिहितोय.

आधी मिठाचं. घोडागाड्यांच्या काळात इथले लोक रस्त्यावरचं बर्फ काढत नसत, दाबत असत. घोड्यांनी ओढायचे भले मोठे लाकडी रूळ फिरवून बर्फ घट्ट करायचं, म्हणजे त्यावरून घसरगाड्या नीट चालायच्या. मोटारी आल्या आणि हे गणित उलटं झालं. चाकांना साखळ्या, पुढे नांगर, रस्त्यावर वाळू नाहीतर जळक्या कोळशाची राख, अशी काही वर्षं गेली. १९३८ साली न्यू हॅम्पशायर राज्यानं रस्त्यावर खडेमीठ टाकण्याचा प्रयोग केला. १९४१-४२च्या हिवाळ्यात साऱ्या अमेरिकेच्या महामार्गांवर मिळून सुमारे ५,००० टन मीठ पडलं. आज हाच आकडा वर्षाला २ कोटी टनांच्या आसपास आहे. मधल्या काळात युद्ध संपलं, उपनगरं वाढली, १९५६च्या कायद्यानं आंतरराज्य महामार्ग आले आणि लोकांची अपेक्षा बदलली. बर्फ पडून काही तास झाले की रस्ता काळा दिसलाच पाहिजे, अशी मागणी झाली. मीठ स्वस्त होतं आणि अपघात खरोखरच कमी होत होते. त्या निर्णयात मला दुष्टपणा दिसत नाही. फक्त त्याचं बिल कुणाच्या नावावर चढतंय, हे कुणी नीट पाहिलं नाही.

ते चढलं पोलादावर. आणि पिकअपच्या बाबतीत थेट त्याच्या कण्यावर.

१९२५ साली फोर्डनं मॉडेल टी गाडीला कारखान्यातच मागे हौदा बसवून २८१ डॉलरला विकायला काढली. कारखान्यातून तयार निघालेल्या पिकअपची सुरुवात बहुतेक लोक तिथून धरतात. पुढे मोटारींची चासी निघून गेली आणि सगळा सांगाडाच पत्र्याचा झाला. पिकअपनं मात्र जुनी शिडीसारखी चासी सोडली नाही. दोन लांब पोलादी दांडे आणि त्यांना जोडणारे आडवे क्रॉसमेंबर. इंजिन, केबिन, हौदा, पाटे, डिझेल-पेट्रोलची टाकी, ब्रेकच्या नळ्या, स्टेपनी, सगळा भार यांच्यावर. दार गंजलं तर वारा आत येतो. चासी गंजली तर पाट्याचा हँगर निखळतो आणि मागचा आस तिरका होतो.

जुन्या ट्रकांचे दांडे बहुधा इंग्रजी ‘सी’च्या आकाराचे, एका बाजूनं उघडे असत. त्यात चिखल बसला तर दिसायचा, पाण्याचा फवारा मारला तर निघायचा. पुढे जास्त ताठपणा हवा म्हणून चारी बाजूंनी बंद, पेटीसारखे दांडे आले. ताकद वाढली, गाडी खड्ड्यांत डुलेनाशी झाली. पण वायर आणि बोल्टसाठी त्यांना भोकं ठेवावीच लागतात. चाकांनी उडवलेला खारट चिखल त्या भोकांतून आत जातो आणि कोपऱ्यात साचून राहतो. उन्हाळ्यात बाहेरून दांडा कोरडा ठणठणीत दिसतो, आत मात्र चिखल ओलाच असतो. तिथे गंज आतून बाहेर येतो. बाहेर रंगाला फुगवटा दिसेपर्यंत आतलं निम्मं काम झालेलं असतं.

एक गोष्ट इथे सांगून टाकतो, कारण नव्यानं आलेले आपले लोक हमखास विचारतात. खूप कडक थंडीत गंज फार वाढत नाही, सगळंच गोठलेलं असतं. खरा धोका असतो शून्य अंशाच्या थोडं वर, जेव्हा मीठ आणि पाणी मिळून पातळ द्राव होतो. म्हणून मिठानं माखलेला ट्रक रोज रात्री उबदार गॅरेजमध्ये लावणं म्हणजे गंजाला पाहुणचार. धुतलेला असेल तर आत लावा. नसेल तर बाहेर थंडीत उभा राहिलेला बरा.

साठच्या दशकाच्या उंबरठ्यावर इथले लोक गंजाला इतके वैतागले होते की त्यातून एक नवा धंदाच उभा राहिला. कुर्ट झीबार्ट हे जर्मनीहून आलेले, गाड्यांच्या पत्र्याचं काम करणारे गृहस्थ. गंजलेली दारं, गंजलेले मडगार्ड रोज दुरुस्त करताना त्यांना दिसलं की नाश बाहेरून नाही, बंद पोकळ्यांतून होतोय. दारांच्या कडांना नेमक्या जागी भोकं पाडायची, लांब नळीनं आत मेणासारखा लेप फवारायचा आणि भोकांना बुचं लावायची, ही त्यांची पद्धत. १९५९ साली डेट्रॉइटमध्ये त्यांच्या नावाचं दुकान सुरू झालं आणि पुढे त्या नावाच्या शाखा देशभर निघाल्या. अजूनही जुन्या गाडीच्या दाराच्या कडेला ती गोल प्लॅस्टिकची बुचं दिसली की मी हात लावून बघतो. गंज आतून येतो, ही गोष्ट त्या माणसानं हातांनी काम करता करता ओळखली होती.

त्याच सुमारास गाड्यांचे विक्रेते आणखी एक वस्तू विकू लागले, काळा डांबरी थर. नवी गाडी घेताना वर थोडे पैसे भरले की खालून सगळं काळंभोर करून मिळे. दिसायला ते भक्कम. पण डांबराचा किंवा रबराचा कडक थर थंडीत आखडतो, खडे लागून तडकतो, आणि मग तड्यातून शिरलेलं खारं पाणी थराच्या मागे कोंडून राहतं. वरून अखंड, खाली सडलेलं. माझ्या कामाच्या जागी असे तुकडे तपासायला यायचे. काळा पापुद्रा अलगद सोलून काढला की खाली तपकिरी भुगा. लेप चांगला की वाईट हे त्याच्या जाडीवर ठरत नाही, त्याला धक्का लागल्यावर तो काय करतो यावर ठरतं. कडक लेप फुटतो. ओलं तेल सरकून जखमेवर येतं.

शेतकऱ्यांना हे प्रयोगशाळेशिवाय कळलं होतं.

माझ्या शेजारी एक वयोवृद्ध शेतकरी राहत असत. मूळचे इथल्याच उत्तर भागातले. त्यांनी सांगितलेली रीत अशी. पानगळ सुरू झाली, मका काढून झाला, की ट्रॅक्टरमधलं आणि ट्रकमधलं उतरवलेलं जळकं तेल डब्यात जमा करून ठेवलेलं असायचं. कोरड्या दिवशी ट्रक उंचावर चढवायचा, बागेला औषध मारायच्या पंपात ते तेल भरायचं आणि चासीच्या प्रत्येक भोकात, प्रत्येक सांध्यात ओतायचं. मग लगेच ट्रक घेऊन कच्च्या धुळीच्या रस्त्यावर दोन-चार मैल जायचं. धूळ तेलावर बसून जाड पेस्ट होते आणि ती हिवाळाभर हलत नाही. त्यांच्या वडिलांच्या काळापासून घरात हे असंच चालत आलेलं होतं. “चर्चला जाण्याइतकंच नेमाचं,” असं ते म्हणत.

हे ऐकताना मला आमचा खाडीकाठ आठवायचा. मी रत्नागिरी जिल्ह्यातला. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की त्यांना मुशीच्या काळजाचं किंवा काजूच्या टरफलाचं तेल चोपडत. लाकूड आणि पोलाद यांचं दुखणं वेगळं, पण खाऱ्या पाण्याशी ज्यांना रोज राहायचंय त्यांनी दोन्हीकडे तेलाचाच हात धरला.

जळकं तेल मात्र आता वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. इंजिनातून निघालेल्या तेलात धातूचे कण असतात, ज्वलनातली आम्लं असतात. ते थेंब थेंब जमिनीत उतरतं आणि इथली बरीच गावं विहिरीचं पाणी पितात. रिवाज योग्य होता, पदार्थ बदलायला हवा होता, आणि तो बदललाही. उत्तरेकडे बरेच जण करवतीच्या साखळीचं तेल वापरतात, कारण ते चिकट असतं आणि गळत नाही. दुसरा पदार्थ मेंढीच्या लोकरीतून निघणारी चरबी, लॅनोलिन. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाच्या जहाजांच्या टाक्यांसाठी लॅनोलिनचे लेप वापरात आले आणि पुढे तेच शेतकऱ्यांच्या ट्रकांखाली पोचले. वास मेंढवाड्यासारखा येतो, पहिले काही दिवस गॅरेजभर. मला तो आवडतो. ओंटारिओत तर दरवर्षी गाडी नेऊन तेल मारून आणायची दुकानं आहेत. तिथून निघालेली गाडी दोन दिवस अंगणात ठिपके पाडते आणि लोक खाली पुठ्ठा अंथरून ठेवतात.

ऐंशीच्या दशकात कारखान्यांनी मोठी उडी मारली. गाड्यांच्या पत्र्याला दोन्ही बाजूंनी जस्त चढवणं रूढ झालं. त्याआधी साठच्या दशकाच्या सुरुवातीला फोर्डनं विजेच्या साहाय्यानं रंग चढवायची पद्धत आणली होती. पूर्ण भाग रंगाच्या हौदात बुडवायचा, वीज सोडायची, म्हणजे रंग कानाकोपऱ्यात ओढला जातो. हाच माझा धंदा. या पद्धतीबद्दल अभिमान आहे, पण तिची मर्यादाही सांगायला हवी. बंद पेटीच्या आत वीज नीट पोचत नाही, धारदार कडांवरून रंग पातळ होतो आणि वेल्डिंगच्या मळीवर तो धरत नाही. म्हणजे चासीची जिथे कसोटी, नेमका तिथेच लेप कमजोर. परिणाम असा झाला की नव्वदीनंतरचे ट्रक वरून वीस-वीस वर्षं चकचकीत राहू लागले आणि खालून त्याआधीच संपू लागले. २०१५ साली फोर्डनं एफ-१५०चं अंग ॲल्युमिनियमचं केलं. अंग गंजायचा प्रश्नच मिटला, चासी मात्र पोलादाचीच राहिली.

या विषमतेचं सगळ्यात मोठं प्रकरण टोयोटाचं. २००८ साली कंपनीनं १९९५ ते २००० सालच्या टाकोमा पिकअपसाठी चासीच्या गंजाची हमी १५ वर्षांपर्यंत वाढवली. चासी सडलेली आढळली तर कंपनी ट्रक बाजारभावाच्या दीडपट किमतीला परत घेई. पुढच्या वर्षी २००० ते २००३ सालचे सुमारे १,१०,००० टुंड्रा परत बोलावले. भीती अशी की मागचा क्रॉसमेंबर गंजून धावत्या गाडीची स्टेपनी रस्त्यावर पडेल आणि त्याच जागच्या ब्रेकच्या नळ्याही जातील. ज्या डेना कंपनीनं टाकोमाच्या चासी बनवल्या होत्या तिनं २०११ साली टोयोटाला अडीच कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. मग २०१६ साली ग्राहकांच्या सामूहिक दाव्यात तडजोड झाली. टाकोमा, टुंड्रा आणि सेक्वोया मिळून सुमारे १५ लाख गाड्या, आणि खर्चाचा अंदाज ३.४ अब्ज डॉलरपर्यंत. एका गाडीची चासी बदलायचा खर्च सुमारे १५,००० डॉलर धरला होता, नुसती तपासणी करायचा ६० डॉलर. हे दोन आकडे शेजारी ठेवले की पुठ्ठ्यावर उताणं पडण्याची किंमत कळते.

तपासणीची रीत जुनीच आहे, हातोडीची. गेल्या वर्षी इथल्या मराठी मंडळातल्या एका तरुणाचा फोन आला.

“काका, एक जुना पिकअप बघितलाय. तुम्ही एकदा नजर टाकाल का?”

“नजर नको, हातोडी टाकतो. तू गाडीच्या खाली काही फवारलेलं आहे का बघून ठेव.”

होतं. ताजा काळा रंग, विकायच्या आठवड्यात मारलेला. छोटी हातोडी घेऊन मी पुढच्या चाकापासून मागे ठोकत गेलो. निरोगी पोलाद टणटण वाजतं, सडलेलं बद्द वाजतं. मागच्या पाट्यांच्या हँगरजवळ, जिथे दांडा आसावरून वर वळतो, तिथे आवाज बदलला. जरा जोर दिला तर हातोडीचं टोक आत गेलं. मिशिगनमध्ये खासगी गाड्यांची दरवर्षी सुरक्षातपासणी होत नाही, म्हणून असे ट्रक इथे बिनदिक्कत फिरतात आणि विकलेही जातात. व्हरमाँट किंवा पेनसिल्व्हेनियात तपासनीस अशा चासीला नापास करतो. आमच्या राज्यानंही ती पद्धत आणावी, असं मला मनापासून वाटतं.

तो ट्रक त्यानं सोडला आणि जॉर्जियातून एक आणवला. हाही आता एक स्थिर धंदा झालाय. दक्षिणेकडचे मीठ न पाहिलेले जुने पिकअप ट्रेलरवर घालून उत्तरेकडे आणून विकायचे. त्या ट्रकच्या चासीवर कारखान्यातले रंगीत खुणांचे ठिपकेसुद्धा शाबूत होते. वर थोडासा लालसर गंज होता, तेवढा आम्ही दोघांनी मिळून काढला.

काम कसं केलं ते सांगतो. आधी आतला चिखल. पाण्याची नळी पेटीच्या एका टोकाला घालून दुसऱ्या टोकानं स्वच्छ पाणी येईपर्यंत सोडली. तळाची निचऱ्याची भोकं तारेनं मोकळी केली, कारण ती बुजलेली असली की बाकी सगळं व्यर्थ. मग चार-पाच दिवस नुसतं वाळू दिलं. पापुद्रे हातोडीनं आणि तारेच्या ब्रशनं उडवले, सगळं लखलखीत करायच्या फंदात पडलो नाही. उरलेल्या घट्ट गंजावर टॅनिक आम्लाचा द्राव लावला. तपकिरी गंज डोळ्यांदेखत निळसर काळा पडतो. हे रसायन आपल्याकडे नवं नाही. हिरडा आणि हिराकस यांच्यापासून काळी शाई करत, ती याच टॅनिन आणि लोहाच्या संयोगानं. आजही आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरात आदिवासी कुटुंबं हिरडा गोळा करतात. त्यावर बाहेरून रंगाचा एक हात आणि आतून, लांब नळीला चारी दिशांना फवारणारं तोंड लावून, लॅनोलिन. ब्रेकच्या चकत्या झाकून ठेवल्या, सायलेन्सरपासून दूर राहिलो आणि रबरी बुशांवर खनिज तेल पडू दिलं नाही, ते रबर फुगवतं.

“एकदा केलं की झालं ना, काका?”

“नाही रे. पुढच्या सप्टेंबरात परत. आणि एप्रिलमध्ये खालून धुवायचं.”

त्याला ते जास्त वाटलं असावं. पण गंज ही एकदा होऊन गेलेली घटना नव्हे, ती सतत चाललेली क्रिया आहे. तिला उत्तरही तसंच, दरवर्षीचं लागतं. शेतकऱ्यांचा रिवाज टिकला तो याचसाठी.

गेल्या काही वर्षांत रस्त्यावर येणारा पदार्थच बदललाय. वादळ यायच्या आधीच टँकरमधून खाऱ्या पाण्याच्या रेषा ओढतात, कधी त्यात बिटाचा रस मिसळतात, कधी मॅग्नेशियम क्लोराइड, जे हवेतली ओल ओढून घेऊन स्वतः ओलंच राहतं. पातळ द्राव सुक्या खड्यांपेक्षा सहज पेटीत शिरतो आणि लवकर सुटत नाही. ट्रकवाल्यांचा त्यावर राग आहे. तरी मी त्या पद्धतीच्या बाजूनं आहे, कारण आधी द्राव मारला तर एकूण मीठ कमी लागतं. मिनेसोटाचं प्रदूषण नियंत्रण खातं सांगतं की एक चमचा मीठ पाच गॅलन पाणी कायमचं बिघडवतं. ते मीठ तळ्यांतून परत काढता येत नाही. चासीला तेल लावता येतं, तळ्याला नाही.

आमच्या काउंटीच्या रोड कमिशनच्या सभेत मी दर पानगळीत हेच बोलतो. मीठ पसरणाऱ्या ट्रकांची मोजमापं हंगामाआधी तपासा, पुलांवर आणि चढांवर टाका, सरळ सपाट रस्त्यावर कमी टाका, आणि मैलामागे किती टाकलं तो आकडा लोकांसमोर ठेवा. आकड्याची मागणी मागच्या सभेत नोंदवून घेतली आहे. पुढची सभा ऑक्टोबरात आहे.